एक डबी, चार कंपन्या

इंटरनेटवरून बोलणे पोहोचवणाऱ्या तीन-चार कंपन्या आणि भिंतीतून येणारी जुनी लँडलाइन या सगळ्यांना एकाच टेलिफोनवर नांदायला लावणाऱ्या उपकरणाला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. घरात त्याचे नाव ‘डबी’. आकार तळहाताएवढा, रंग काळा किंवा करडा, पुढच्या अंगाला तीन-चार दिवे. दिवे हिरवे असले की सर्व ठीक आहे, असे सोबतच्या माहितीपत्रकात म्हटलेले असते. प्रत्यक्षात हिरवा दिवा म्हणजे दिवा ठीक आहे, एवढेच.

डबीच्या पाठीमागे तीन भोके असतात. एक राउटरकडून येणाऱ्या तारेसाठी, एक भिंतीतून येणाऱ्या लँडलाइनसाठी आणि एक घरातल्या टेलिफोनसाठी. यातली शेवटची दोन दिसायला हुबेहूब सारखी आणि कामाला अगदी उलटी. टेलिफोनचे भोक वीज देते, लँडलाइनचे भोक वीज घेते. तारांची अदलाबदल झाली की एका बाजूला दोघेही द्यायला बसलेले आणि दुसऱ्या बाजूला दोघेही घ्यायला बसलेले, अशी स्थिती होते. दिवे हिरवेच राहतात.

डबीचा इतिहास फार मागे जात नाही. १९९५ साली व्होकलटेक या इस्रायली कंपनीने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाशी बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्यात दोघांनीही एकाच वेळी आपापल्या संगणकापुढे बसावे लागे. त्यासाठी आधी साधा फोन करून ‘आता बस’ असे कळवावे लागे, आणि मग फोनचे पैसे वाचत. १९९९ मध्ये इंटरनेटवरचा कॉल कसा जोडायचा आणि कसा तोडायचा याचे ‘सिप’ नावाचे नियम ठरले. २००२ मध्ये ते सुधारून पुन्हा लिहिले गेले. साधा टेलिफोन इंटरनेटला जोडणारी डबी बनवणारी कोमोडो ही कंपनी सिस्कोने २००० साली विकत घेतली. कोमोडोच्या मंडळींनी मग सिपुरा काढली. लँडलाइनचे वेगळे भोक असलेली तिची डबी गाजली, आणि २००५ मध्ये सिपुराही सिस्कोने घेतली. त्यांच्यातल्यांनीच पुढे ओबीहाय काढली. ती २०१८ मध्ये पॉलिकॉमने घेतली. डबीच्या धंद्यात पैसा आहे, हे यावरून सिद्ध होते. तो डबी विकणाऱ्याकडे जातो, हेही त्यातच आले.

डबीचे मुख्य वसतिस्थान अमेरिका. त्यातही न्यू जर्सीतले एडिसन किंवा कॅलिफोर्नियातले फ्रीमाँट यांसारख्या, जिथे चितळ्यांची बाकरवडी मिळते अशा गावांत ती विशेष आढळे. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली खरी, पण देशात इंटरनेटवरून निघालेला कॉल देशातल्याच साध्या फोनवर उतरवायला मनाई राहिली. त्यामुळे फोन करणारा मुलगा तिकडे आणि ‘केलास का रे फोन?’ विचारणारी आई इकडे, अशी कामाची विभागणी झाली. त्याआधी खरवडायच्या फोनकार्डांचे युग होते. कार्डावर छापलेली मिनिटे आणि प्रत्यक्ष मिळणारी मिनिटे यांत तफावत असे, आणि ती नेमकी ‘आता महत्त्वाचं सांगते’ या वाक्यानंतर उघड होई.

डबीधारक हा बहुधा पुरुष असतो आणि बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला असतो. हे काम आपल्याला जमलेच पाहिजे असे त्याला त्यामुळे वाटते. घरातल्या इतरांना तसे वाटत नाही.

‘अहो, लँडलाइन चालतेय ना नीट?’

‘चालतेय की.’

‘मग?’

या ‘मग’चे उत्तर म्हणून डबीधारक संगणकावरचा एक तक्ता उघडतो. त्यात डावीकडे कंपन्या, वर गावे आणि मध्ये मिनिटाचे दर सेंटांत मांडलेले असतात. एक कंपनी पुण्या-मुंबईच्या लँडलाइनला स्वस्त, दुसरी मोबाइलला स्वस्त, तिसरी अमेरिका आणि कॅनडात फुकट. चौथी कशालाच स्वस्त नसते, पण तिच्याकडे पैसे भरून झालेले असतात. चौघींना एका डबीत घातले की प्रत्येक कॉल आपोआप सर्वांत स्वस्त वाटेने जाईल, हे या शास्त्राचे मूलतत्त्व. ‘आपोआप’ या शब्दाचा उलगडा पुढे होईलच.

हिशेब साधा वाटतो, आणि पहिल्या ओळीपुरता तो असतोही. समजा, पहिली कंपनी पुण्याला मिनिटाला दोन सेंट घेते आणि दुसरी दीड. महिन्याला दोनशे मिनिटे बोलणे झाले, तर दुसरीमुळे एक डॉलर वाचतो. मात्र दुसरी प्रत्येक कॉल पुढच्या पूर्ण मिनिटापर्यंत मोजते आणि पहिली सहा-सहा सेकंदांनी. म्हणजे एक मिनिट पाच सेकंदांच्या कॉलला पहिली दोन सेंटांहून जरासे जास्त घेईल आणि दुसरी सरळ तीन. यावरून निष्कर्ष असा की आखूड बोलणे पहिलीने करावे आणि लांबलचक दुसरीने. आणि त्यासाठी फोन उचलण्यापूर्वी बोलणे किती चालेल ते ठाऊक असावे. मावशीचा फोन लांबणार हे धरून चालता येते. काका बेभरवशाचे. प्रकृती ठीक असेल तर ते चाळीस सेकंदांत आटपतात, नसेल तर सगळे रिपोर्ट वाचून दाखवतात. काकांना फोन लावण्याआधी चुलतभावाला फोन करून काकांच्या प्रकृतीची चौकशी करणारे डबीधारक आहेत. तो कॉल कोणत्या कंपनीने करावा, याबद्दल मतभेद आहेत.

शिवाय प्रत्येक कंपनीत दहा डॉलर एकदम भरावे लागतात. चार कंपन्यांचे चाळीस डॉलर गुंतवून महिन्याला एक डॉलर सुटतो. हे गणित पत्नीला तोंडी सांगू नये, असा संकेत आहे.

लावलेला आकडा कोणत्या कंपनीच्या वाटेने जावा, हे ठरवणाऱ्या ओळीला ‘डायल प्लॅन’ म्हणतात. ही ओळ कंस, टिंबे, उभ्या रेघा आणि फुल्या यांची बनलेली असते. फुली म्हणजे कोणताही एक आकडा. फुलीपुढे टिंब म्हणजे असे कितीही. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. टोकदार कंसात जे लिहावे ते डबी लावलेल्या आकड्यात आपल्या मनाने घालते. याची गरज अशी की अमेरिकेच्या लँडलाइनवरून भारतात फोन लावताना आधी ०११, मग ९१, मग गावाचा क्रमांक आणि मग घरचा, असा क्रम असतो. पण इंटरनेट कंपन्यांपैकी एकीला पुढे ०११ हवे, दुसरीला युरोपच्या रीतीने ००, आणि तिसरीला नुसते ९१. तिला ०११ दिले तर ती अतिशय सभ्य इंग्रजीत ‘आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही’ असे सांगते. इकडे आईने आत्ताच त्याच क्रमांकावरून मिस्ड कॉल दिलेला असतो. ओळीत एखादा कंस कमी पडला तर डबी तक्रार करत नाही. फोन लावत नाही, इतकेच.

आकडे दाबून झाले की नाही हे डबीला समजत नाही. शेवटच्या आकड्यानंतर ती आणखी काही येते का म्हणून वाट पाहते. काही डब्यांत हा थांबा कारखान्यातूनच दहा सेकंदांचा ठरवून येतो. शेवटी हॅश दाबले तर थांबावे लागत नाही, पण हे दाबणाऱ्याला माहीत हवे. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या आईला ते माहीत नसते.

‘फोन मेलाय तुझा.’

‘आई, दहा सेकंद थांबायचं असतं. नाहीतर शेवटी हॅश दाबायचं.’

‘हॅश म्हणजे?’

‘ते चार रेघांचं, फुली-गोळ्यासारखं.’

‘सांगलीत नाही बाई असलं काही दाबावं लागत.’

यावरचा मान्य उपाय म्हणजे फोनशेजारच्या भिंतीवर तक्ता लावणे. तक्त्याचा मजकूर साधारण असा: ‘दोनदा स्टार आणि १, मग नंबर: पुणे, मुंबई, नाशिक, फक्त लँडलाइन. दोनदा स्टार आणि २: भारतातले सर्व मोबाइल. दोनदा स्टार आणि ८: घरची लँडलाइन, अडीअडचणीलाच. काही न दाबता: अमेरिका. शेवटी हॅश!!!’ तक्ता लॅमिनेट केलेला असतो, त्यामुळे दर बदलले की त्यावर बॉलपेन उमटत नाही आणि स्केचपेन पुसले जाते. म्हणून वर एक पिवळी चिठ्ठी येते: ‘२ तूर्त बंद. मोबाइललासुद्धा १ वापरणे. रात्री ९ नंतर २ चालेल.’ तिच्याखाली आणखी एक: ‘१ वर घरघर. कृपया धीर धरावा.’ आणि सर्वांत खाली, वेगळ्या हस्ताक्षरात: ‘माझ्या मोबाइलवरून केला. लगेच लागला.’

डायल प्लॅनमधला नाजूक भाग आणीबाणीचा. अमेरिकेत पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन या तिन्हींसाठी ९११ हा एकच क्रमांक आहे, आणि संकटात माणसाला दहा सेकंद ताटकळत ठेवू नये म्हणून तो दाबताच तत्काळ लावावा, अशी सूचना डबीला दिलेली असते. दुसरीकडे, घरच्यांना ०११ दाबण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून ९१ ने सुरू होणारा प्रत्येक आकडा भारतात पाठवावा, अशीही सूचना डबीधारकाने प्रेमाने दिलेली असते. पुण्याचे ९१-२०, मुंबईचे ९१-२२, सांगलीचे ९१-२३३ बिनबोभाट लागतात. दिल्लीचा क्रमांक ११ आहे. दिल्लीच्या आत्याला फोन लावताना पहिले तीन आकडे नऊ, एक, एक असे येतात, आणि चौथ्याची वाट डबी पाहत नाही.

‘नाइन-वन-वन. काय आणीबाणी आहे?’

‘आत्याचा वाढदिवस.’

अशा वेळी घाबरून फोन ठेवू नये. चुकून लागला असे सांगावे. ठेवला तर उलट फोन येतो, किंवा पोलीसच दाराशी येतात. ते सौजन्याने ‘घरात सर्व ठीक आहे ना?’ असे विचारतात आणि पत्नी उत्तर द्यायला क्षणभर वेळ घेते. त्या क्षणात डबीधारक दिल्लीसाठी स्वतंत्र नियम लिहायचे ठरवतो. त्या नियमाने दिल्ली लागते. नाशिक बंद पडते.

याच ९११ मुळे लँडलाइन काढता येत नसे. इंटरनेट फोनवरून ९११ लागलेच पाहिजे, असा आदेश अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००५ मध्ये काढला. पण तो साध्या फोनवर कॉल करता येतात आणि साध्या फोनवरून कॉल घेताही येतात, अशा दुहेरी सेवेसाठी होता. फक्त बाहेर जाणारे कॉल दीड सेंटांत विकणाऱ्या कंपन्या तेव्हा त्यातून सुटल्या. म्हणून आणीबाणीसाठी लँडलाइन ठेवणे भाग पडे. तिचे महिन्याचे भाडे चारही कंपन्यांनी मिळून वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट असे. तक्त्यात या खर्चाला रकाना नसतो.

आता दोषांकडे वळू. इंटरनेट फोनचा सर्वांत प्रसिद्ध दोष म्हणजे एकतर्फी आवाज. कॉल जोडण्याचा निरोप आणि प्रत्यक्ष आवाज हे इंटरनेटवर वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करतात. लग्नाची पत्रिका पोस्टाने जावी आणि आहेर भलत्याच माणसाच्या हाती यावा, तसा हा प्रकार. घरातला राउटर हा दारावरचा रखवालदार. पत्रिका गेलेली त्याने पाहिलेली असते, पण आहेर घेऊन आलेल्या माणसाला तो ओळखत नाही आणि बाहेरच उभा करतो. त्यामुळे घंटा वाजते, फोन उचलला जातो, एका बाजूचे सगळे ऐकू जाते आणि दुसऱ्या बाजूचे काहीच येत नाही. राउटरमध्ये ‘सिप’ला मदत करण्यासाठी म्हणून एक खास सोय दिलेली असते. ती बंद केली की पुष्कळदा सिप चालू लागते.

सोय बंद करेपर्यंतच्या काळातले संभाषण असे:

‘हॅलो मावशी, आवाज येतोय का?’

‘येतोय, बोल.’

‘हॅलो?’

‘अरे, येतोय म्हटलं ना!’

‘हॅलो... नाही वाटतं येत. ठेवतो. दुसऱ्या कंपनीवरून करतो.’

दुसऱ्या कंपनीवरून पहिला प्रश्न ‘आता येतोय का?’ हाच असतो. ‘मघाशीही येतच होता’ असे मावशी सांगते. पण हे वाक्य ऐकू आल्याचा आनंद इतका मोठा असतो की डबीधारक ‘बरं, नंतर करतो’ म्हणून फोन ठेवतो आणि तक्त्यात त्या कंपनीपुढे बरोबरची खूण करतो. मावशीला आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगायचे राहूनच जाते.

दुसरा दोष प्रतिध्वनीचा. टेलिफोनच्या तारा घरात दोन असतात, पण आत यंत्रात जाणारा आणि येणारा आवाज वेगळा करावा लागतो. तारेचा विद्युत अडथळा आणि डबीचा अडथळा जुळला नाही की गेलेला आवाज थोडासा मागे परततो. अमेरिकेत हा अडथळा ६०० ओहम धरतात. युरोपात निरनिराळे हिशेब आहेत. डबीत या सर्वांची यादी असते आणि त्यातले योग्य ते निवडायचे असते. निवड बरोबर झाली का, हे कळायला कुणाला तरी फोन करून स्वतःचे बोलणे ऐकावे लागते. आपलेच वाक्य पाव सेकंदाने आपल्या कानी पडू लागले की माणूस अडखळतो, शब्द मोजून वापरतो आणि लवकरच गप्प होतो. काही घरांत हा दोष दुरुस्त करू नये असे बहुमत असते.

तिसरा दोष आवाजाच्या प्रतीचा. एकाच कॉलला जी.७११ पद्धतीने दर सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, जी.७२९ पद्धतीने फक्त ८. डबीधारकाला ६४ च्या जागी ८ दिसले की राहवत नाही. ब्रॉडबँडचे पैसे महिन्याला ठरावीक असतात, कमी बिट वापरल्याने एक सेंटही वाचत नाही. तरीही तो ८ निवडतो. मग आईला पलीकडून कोण बोलतेय ते ओळखू येत नाही आणि सर्दी झालीय का, अशी चौकशी सुरू होते.

चौथा दोष पलीकडच्या पडद्यावर दिसतो. भारतात फोन गेला की तिथे कोणता नंबर उमटेल, हे कोणत्या कंपनीने आणि कोणत्या वाटेने कॉल नेला त्यावर ठरते. कधी ‘प्रायव्हेट नंबर’, कधी नुसती शून्ये, कधी कुठल्या तरी अनोळखी गावाचा आकडा. साहजिकच कोणी उचलत नाही. उचललेच तर:

‘नको आहे आम्हाला क्रेडिट कार्ड.’

‘मामा, मी बोलतोय.’

‘मी म्हणजे? कुठल्या बँकेतून?’

येणाऱ्या कॉलची व्यवस्था त्याहून थाटाची. लँडलाइनचा एक नंबर, कंपन्यांनी दिलेले आणखी दोन-तीन, आणि सगळ्यांची घंटा एकाच फोनवर. कॉल कोणाचा हे ऐकताक्षणी कळावे म्हणून डबीत प्रत्येक कंपनीला घंटेचा वेगळा ठेका देता येतो. अमेरिकी घंटा दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते. भारतीय घंटा ‘ट्रिंग-ट्रिंग’ अशी जोडीने वाजते आणि दोन सेकंद थांबते. डबीधारक भारतातून येणाऱ्या कॉलच्या कंपनीला भारतीय ठेका देतो आणि ट्रिंग-ट्रिंग ऐकताच ओल्या अंगाने न्हाणीघरातून धावत येतो. तो फोन गालिचे धुऊन देणाऱ्यांचा असतो. त्यांनाही तोच नंबर मिळालेला असतो.

निरोप ठेवण्याच्या सोयी मुबलक. घरचे आन्सरिंग मशीन चौथ्या घंटेनंतर उचलते, म्हणजे चोविसाव्या सेकंदाच्या आसपास. एका कंपनीची व्हॉइसमेल विसाव्या सेकंदाला, दुसरीची पंचविसाव्या, लँडलाइनवाल्यांची स्वतःची निराळी. निरोप कुठे पडेल ते त्या क्षणी कोण आधी पोहोचले त्यावर. त्यामुळे ‘निरोप ठेवला होता’ आणि ‘निरोप मिळाला नाही’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. दिवाळीच्या शुभेच्छा होळीच्या सुमाराला सापडतात.

लँडलाइनवर आलेला कॉल डबीतून फिरवून इंटरनेटमार्गे दुसरीकडे पाठवता येतो, ही तर या शास्त्राची परमावधी. सुट्टीत पुण्याला आलेला डबीधारक एडिसनच्या लँडलाइनवरचे फोन पुण्याच्या मोबाइलवर घेऊ शकतो. अडचण एकच: पलीकडच्याने फोन ठेवला हे लँडलाइनच्या भोकाला आपोआप कळत नाही. एक्स्चेंजने तारेतला प्रवाह क्षणभर तोडला किंवा ठरावीक सूर वाजवला आणि डबीला तो ओळखता आला, तरच ती कॉल सोडते. नाहीतर गालिचेवाल्याने फोन ठेवल्यावर मोबाइलची व्हॉइसमेल आणि एडिसनची डबी एकमेकींचे मौन ऐकत बसतात. दीड सेंटाने आठ तासांचे मौन सात डॉलर वीस सेंटांना पडते. सात महिन्यांची बचत.

वीज गेल्यावर काय, हाही प्रश्न शास्त्रकारांनी सोडवून ठेवला आहे. लँडलाइनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळते, म्हणून चांगल्या डबीत एक खटका असतो: घरची वीज गेली की डबी स्वतः बाजूला होते आणि टेलिफोन थेट लँडलाइनला जोडते. वादळात सगळे घर अंधारात असतानाही फोन चालू राहतो. डबीधारक हे पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. वादळ खरोखर आले की उलगडते की घरातले सगळे फोन कॉर्डलेस आहेत आणि त्यांची बैठक घरच्या विजेवर चालते. तारेचा जुना फोन डबी आली तेव्हाच, आता याची काय गरज म्हणून, गराज सेलमध्ये दोन डॉलरला विकलेला असतो. ज्याने तो विकत घेतला तो शेजारी त्या रात्री फोनवर बोलताना खिडकीतून दिसतो.

एवढ्या सगळ्या खटाटोपात चाचण्यांना फार महत्त्व आहे. डबीतून एका ठरावीक क्रमांकावर फोन लावला की पलीकडून आपलेच बोलणे परत ऐकू येते. त्यावरून दोन्ही बाजूंचा आवाज ठीक असल्याची खात्री होते. डबीधारक तिथे रोज ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणतो. त्याखेरीज स्वतःच्या मोबाइलवरून घरी फोन करणे, घरून स्वतःच्या मोबाइलवर करणे आणि दोन्ही हातांत दोन फोन धरून स्वतःशी बोलणे हे नित्यक्रम आहेत. महिनाअखेरीस कंपन्यांच्या नोंदी तपासल्या तर निम्मे कॉल या वर्गातले निघतात. उरलेल्यांत ‘आवाज येतोय का?’ यापुढे गेलेले मोजकेच.

घरातल्या इतरांचा व्यवहार मात्र सरळ असतो. पत्नी मोबाइल वापरते. मुले फोन वापरतच नाहीत. आई तक्त्याकडे एक नजर टाकते आणि रविवारी सकाळी सांगलीत संध्याकाळ झाली की म्हणते, ‘तूच लाव बाबा.’ डबीधारक अत्यंत समाधानाने पुढे होतो, स्टार-स्टार दाबतो, आकडे दाबतो, हॅश दाबतो आणि रिसीव्हर तिच्या हाती देतो. पूर्वी ट्रंक कॉल जोडून देण्यासाठी टेलिफोन खात्यात पगारी ऑपरेटर असत. त्याच कामासाठी इथे ऑपरेटरनेच महिन्याचे पैसे भरलेले असतात.

२००९ मध्ये व्हॉनेज कंपनीने महिन्याला सुमारे पंचवीस डॉलरमध्ये भारतासह अनेक देशांत अमर्याद बोलण्याची योजना आणली. पुष्कळांनी ती घेतली आणि ते बोलू लागले. डबीधारकाने तिचा विचार करून ती नाकारली. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता: बोलणे अमर्याद असेल, तर वाचवायचे काय?

डबीचा उतरता काळ आला तो दरांमुळे नव्हे. २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्याची सोय झाली. जिला हॅश सापडत नव्हते ती आई आता आंघोळीच्या वेळी फोन करू लागली, पाठोपाठ चित्रासह करू लागली, आणि तिचा आवाज सदैव येऊ लागला. तिला डायल प्लॅन माहीत नव्हता. तरीही फोन लागत होता, याचे डबीधारकाला मनापासून वाईट वाटे.

डबी बंद करण्याची रीत अशी. आधी लँडलाइनची तार भिंतीला परत लावावी. मग राउटरमध्ये तिच्यासाठी उघडलेल्या वाटा बंद कराव्यात; त्या कोणत्या होत्या ते आठवत नसल्यास राउटर मूळ स्थितीला न्यावा आणि घरचे इंटरनेट दिवसभर बंद राहील याची पूर्वसूचना द्यावी. तक्ता भिंतीवरून काढताना रंगाचे पोपडे निघतात. शेवटी कंपन्या सोडाव्यात. शिल्लक रक्कम बहुधा परत मिळत नाही, ती बोलूनच संपवावी लागते. समजा, दीड सेंटवाल्या कंपनीत चार डॉलर पस्तीस सेंट उरले आहेत. त्याची दोनशे नव्वद मिनिटे होतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. डबीधारक पहिल्यांदाच दर न पाहता, घड्याळ न लावता, कंपनी न बदलता निवांत बसतो आणि काकांना फोन लावतो.

‘बोल. काही विशेष?’

‘विशेष काही नाही. म्हटलं, जरा गप्पा माराव्यात.’

‘मग उगाच पैसे कशाला घालवतोस? व्हॉट्सअ‍ॅपवर कर.’

कॉल चौदा सेकंदांचा झाला. कंपनी पूर्ण मिनिट लावते. शिल्लक, दोनशे एकोणनव्वद मिनिटे.